जुन्या लॅपटॉपवर ‘सगळ्यात हलकं’ लिनक्स टाकू नका

खडूस_काका
१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून ओळखीतले लोक जुने लॅपटॉप काखेत मारून येतात. बहुतेकांत इंटेलचा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि साधी हार्डडिस्क. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणजे तो रस्ता बंद. उरतं लिनक्स, विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टिम. मग कुणीतरी शहाणा सांगतो, ‘सगळ्यात हलकं काय असेल ते टाक.’ घोळ तिथेच होतो. ज्याने टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) कधी पाहिलं नाही त्याला लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती द्या. डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, अपडेट आलं की ढालीचं चिन्ह. टाइमशिफ्ट हे सिस्टिमची प्रत ठेवणारं साधन लावून ठेवलं की बिघडलेली सिस्टिम आधीच्या स्थितीत आणता येते. मिंटच्या २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट्स आहेत. अजून काय पाहिजे?

आइसडब्ल्यूएम_भक्त
काका, ४ जीबीवाल्यांचं ठीक आहे. २ जीबीवाल्यांनी काय लॅपटॉप भंगारात घालायचा? मिंटवाले स्वतःच सांगतात की किमान २ जीबी, आणि आरामात चालायला ४. जुन्या ३२-बिट प्रोसेसरच्या नेटबुकचे तर हाल कुत्रा खात नाही: ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सला ३२-बिट इन्स्टॉलरच नाही. अशा मशीनवर अँटीएक्स २३ हे अगदी हलकं लिनक्स टाका, पळतं.

खडूस_काका
पळतं हो, पण कुणाच्या हातात? अँटीएक्समध्ये वायफाय जोडायला कॉनमॅन या नेटवर्कच्या प्रोग्रामची खिडकी उघडते. त्यातले टॅब बघून नवखा माणूस थेट मला फोन लावतो. ३२-बिटचा मुद्दा मात्र मान्य. फक्त त्या मशीनवर आज बँकेची साइट उघडून दाखवा, मग बोलू.

डोंबिवली_फास्ट_लोकल
मिंटचा एवढा उदोउदो कशाला? लुबुंटू घ्या, तेही हलकं लिनक्सच. एलएक्सक्यूटी डेस्कटॉप, दिसायला विंडोजसारखाच, आणि खाली अख्खं उबुंटू.

पाटीवरचा_खडू
लुबुंटूत फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो, म्हणजे सगळे भाग एकत्र बांधलेल्या जड पॅकेजमध्ये. जुन्या हार्डडिस्कवर तो पहिल्यांदा उघडेपर्यंत चहा होतो. मिंट स्नॅप मुळातच बंद ठेवतं, फायरफॉक्स साध्या पॅकेजमधून देतं. पण खरं सांगू, तुम्ही सगळे भलत्याच गोष्टीवर भांडताय. मिंट एक्सएफसीई नुसतं सुरू असताना १ जीबीच्या आत असतं. खरी रॅम खातो तो ब्राउझर, आणि तो सगळीकडे तेवढाच खातो. यूट्यूब, जीमेल आणि वीजबिल एकदम उघडलं की कुठलंही डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) घ्या, लॅपटॉपला धाप लागणारच. आधी हार्डडिस्क काढून साटा एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा, झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) चालू करा, मग डिस्ट्रोचा वाद घाला.

आइसडब्ल्यूएम_भक्त
म्हणजे आधी खिशात हात घाला! जुनं मशीन फुकटात चालवायचं म्हणून तर लोक इकडे येतात ना राव.

पाटीवरचा_खडू
मग फुकटात जेवढं चालेल तेवढंच चालेल.

ताळेबंद
मी उलट्या बाजूचा. आमच्या ऑफिसात टॅली आहे, ते विंडोजचंच सॉफ्टवेअर. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन आहे. लिनक्सचा ड्रायव्हर शोधता शोधता नाकी नऊ येतील असा जुना लेझर प्रिंटर आहे. सोसायटीची पंधरा वर्षांची पत्रं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. अशा माणसाला कुठलंही लिनक्स सुचवू नका. दोन दिवसांत शिव्या घालेल, त्याही तुम्हालाच.

खडूस_काका
ताळेबंद, तुमच्या ऑफिसला मी कुठे हात लावतोय? मी बोलतोय यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब आणि चार मराठी पत्रं एवढंच काम असलेल्या माणसाबद्दल. त्यांची पत्रं युनिकोडमध्ये होतात: मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरी कळांची मांडणी) आहे, आणि ‘namaskar’ टाइप करणाऱ्यांनी आयबस या टायपिंगच्या साधनाबरोबर एम१७एन टाकावं. प्रिंटरचं मात्र बरोबर बोललात. म्हणून म्हणतो, पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, वायफाय, आवाज आणि प्रिंट तपासा, एक पान छापून बाहेर आलं तरच ‘इन्स्टॉल’वर क्लिक करा.

डोंबिवली_फास्ट_लोकल
लाइव्ह तर लुबुंटूही चालतं, काका.