मदत हवी आहे: ५० मीटरसाठी .२२ रायफलचं बॅरल किती लांब घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. चार वर्षं दहा मीटर एअर रायफल खेळतेय. आता ५० मीटरकडे वळायचं ठरवलंय, प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर म्हणजे नीलिंग, प्रोन आणि उभं राहून म्हणजे स्टँडिंग) दोन्ही. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेंनी कांस्य मिळवलं, तेव्हापासून हे डोक्यात आहे. कांबळवाडीचा माणूस तिथवर जातो, तर आपण निदान सुरुवात तरी करावी. परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयात दिलाय. तो हातात येईपर्यंत रायफल कोणती हे पक्कं करायचंय.

एअर रायफलला हा प्रश्न कधी आलाच नाही. आतली बॅरल सव्वाचारशे मिलिमीटरच्या आसपास, वर लांब नळी, आणि मेकॅनिझमच्या मागच्या टोकापासून तोंडापर्यंत ८५० मिलिमीटरची नियमाची मर्यादा. दिली ती रायफल घेतली आणि खेळले. पॉइंट टूटूला मात्र जो तो वेगळं सांगतोय.

समोर दोन पर्याय आहेत. पहिली रायफल पुण्यातल्या एका ज्येष्ठ नेमबाज ताईंची. त्या आता स्पर्धा खेळत नाहीत. बॅरल ६६ सेंटिमीटर, जाड, छान राखलेली. दुसरी नवी. बॅरल ५० सेंटिमीटर, तोंडावर १५ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची पोकळ नळी आणि पुढची साईट, म्हणजे नेम धरायची रिंग, त्या नळीवर.

माझी उंची ५ फूट १ इंच, हात आखूड. मागच्या रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला, बालेवाडीच्या रेंजवर गेले आणि ताईंच्या देखरेखीखाली त्यांची रायफल अर्धा तास चालवली. प्रोनमध्ये स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) ताणली की लक्ष्याचा काळा गोल रिंगमध्ये ठेवल्यासारखा थांबत होता. इतकं शांत मला एअर रायफलमध्येही कधी वाटलं नव्हतं. स्टँडिंगला उभी राहिले तर बाराव्या शॉटपासून पुढची रिंग हळूहळू खाली, सहाच्या बाजूला सरकायला लागली. वर आणायला गेले की डावा खांदा उचलला जायचा. विसाव्या शॉटला कंबर भरून आली.

तर सांगा की, लांब नळी म्हणजे नेम पक्का हे कितपत खरं? आखूड बॅरलमध्ये गोळीचा वेग कमी पडतो का? आणि एक घरातली गोष्ट. आमचे अप्पा चाळीस वर्षं लेथवर होते, यंत्रमागाचे सुटे भाग करायचे. ते म्हणतात, "लांबवालीच घे, पुढून दहा सेंटिमीटर मी काढून देतो, कळणारसुद्धा नाही." त्यांचा हात सोन्यासारखा आहे, म्हणून विचारते, असं करता येतं का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. बॅरल घरी कापायचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे बंदुकीची नळी आखूड करायला स्वतंत्र परवाना लागतो, नुसता रायफल बाळगण्याचा परवाना पुरत नाही. अप्पांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण हे काम केलं तर तुमचा परवाना आणि खेळ दोन्ही धोक्यात येतील.

कायदा बाजूला ठेवला तरी कारण आहेच. गोळी तोंडातून सुटते त्या क्षणी तिच्या बुडामागचा वायू चारी बाजूंनी एकदम मोकळा व्हायला हवा. तोंडाची कड, आपण तिला क्राउन म्हणतो, एका अंगाला केसभर जरी खाली राहिली तर वायू तिकडून आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला ढकलतो. मग ५० मीटरवर ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या गोळ्यांचा पुंजका, चांगलाच पसरतो. शिवाय बऱ्याच मॅच बॅरलचं टोक आतून मुद्दाम किंचित आवळलेलं असतं. दहा सेंटिमीटर गेले की तेही गेलं. ज्याचे पैसे मोजले तेच कापून टाकल्यासारखं होईल.

वेगाची काळजी सोडा. .२२ लाँग रायफलच्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की साधारण ४० सेंटिमीटरपर्यंत तिचा जोर ओसरतो. पुढं गोळीला घर्षणच जास्त. मॅच काडतुसं तर मुद्दाम सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असतात. त्यामुळं ५० सेंटिमीटर पुरेसं आहे, आणि ६६ मध्ये वेगाचा काही फायदा नाही.

उलट लांब बॅरलमध्ये गोळी आत जास्त वेळ राहते. १६ सेंटिमीटर जास्त म्हणजे जवळपास अर्धा मिलिसेकंद. थोडा वाटतो, पण ट्रिगर दाबल्यावर ज्याची रायफल लगेच सैल पडते त्याला तो भोवतो. एअर रायफलमुळं तुमचा फॉलो थ्रू, म्हणजे शॉटनंतरही रायफल स्थिर धरून ठेवणं, चांगला असणार, म्हणून याची फार चिंता करू नका.

प्रतिसाद २

मी पुण्यात थ्री पोझिशन खेळते, उंची तुझ्याएवढीच. ते "लांब नळी, पक्का नेम" कुठून आलं ते सांगते. मागच्या आणि पुढच्या साईटमधलं अंतर वाढलं की जुळवणीतली चूक लक्ष्यावर कमी पसरते. अंतर ७५ सेंटिमीटर असेल आणि पुढची साईट ०.१ मिलिमीटर चुकली तर ५० मीटरवर सुमारे ६.७ मिलिमीटर फरक. ८५ सेंटिमीटर असेल तर ५.९. दहाच्या रिंगचा व्यासच १०.४ मिलिमीटर आहे, तेव्हा हा फरक खराखुरा आहे.

पण हे अंतर बॅरलनंच मिळायला हवं असं कुठं आहे? ५० अधिक १५, म्हणजे तुझ्या दोन्ही पर्यायांत पुढची साईट जवळजवळ एकाच जागी येते! मग लांब बॅरलमध्ये उरतं फक्त तोंडाकडचं वजन. प्रोनमध्ये ते तुला आवडलं, कारण तिथं भार स्लिंग घेते. स्टँडिंगला स्लिंग नाही, सगळं डाव्या हातावर आणि कंबरेवर. नीलिंग, प्रोन, स्टँडिंग असे वीस-वीस शॉट, आणि स्टँडिंग शेवटी, दमल्यावर. तुझं बाराव्या शॉटला जे झालं ते स्पर्धेत याहून लवकर होईल.

आखूड बॅरलला पुढं वजन लावता येतं, लांब बॅरलचं काढता येत नाही. मी दुसरीकडे झुकेन.

एक अट मात्र. लांबीवर ठरवण्याआधी दोन्ही रायफली टेकावर (पक्क्या आधारावर) ठेवून चार-पाच लॉटच्या, म्हणजे वेगवेगळ्या खेपांच्या, काडतुसांनी दहा-दहा शॉटचे ग्रुप घे. प्रत्येक बॅरलला एखादाच लॉट मानवतो. ताईंच्या रायफलचा ग्रुप नव्यापेक्षा लक्षणीय घट्ट आला तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव. स्टॉक (रायफलचा दस्ता) बदलून, किंवा बट (खांद्याला टेकणारं टोक) आखूड करून रायफल अंगाजवळ आणता येते, म्हणजे पुढचा भार थोडा कमी जाणवतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. कलम ६ वालं अप्पांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं विचारलंस." क्राउनचं त्यांना लगेच पटलं. लेथवर बोअरचा (आतल्या भोकाचा) मध्य आणि बाहेरचा मध्य सहसा तंतोतंत एक नसतो, बाहेरून धरून कापलं तर कड तिरकी जाऊ शकते, असं त्यांनीच मला समजावलं.

नंतर रात्री जेवण झाल्यावर पाटी घेऊन हिशेबाला बसले. बॅरल बाहेरून २२ मिलिमीटर धरली तर पोलाद दर सेंटिमीटरला साधारण २८ ग्रॅम. १६ सेंटिमीटर म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या घरात, आणि तेही डाव्या हातापासून चांगलं हातभर पुढं. ॲल्युमिनियमची नळी दोन मिलिमीटर जाडीची धरली तर सगळी मिळून पन्नास ग्रॅम. पाटीवर ४५० आणि ५० एकाखाली एक लिहून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. स्टँडिंगला माझी रिंग खाली का जाते ते मला तिथं पहिल्यांदा दिसलं.

येत्या रविवारी ताईंनी पुन्हा बोलावलंय. नवी रायफलही त्याच रेंजवर बघायला मिळेल, तेव्हा दोन्हींचे ग्रुप तिथंच घेईन. अप्पाही येतायत. जाड दोरी घेऊन निघालेत, दोन्ही रायफली रिकाम्या करून तिच्यावर तोलून बघायच्या आणि तोलाचा बिंदू खडूनं खुणावायचा म्हणतात.

एकच विचारायचं राहिलं. टेकावर ग्रुप घेताना स्टॉकचा कुठला भाग टेकवावा, पुढचा की ट्रिगरगार्डजवळचा? रविवारच्या आत कुणी सांगितलं तर फार मदत होईल.