कुंपणाजवळ उगवलेलं 'मलिन': ठेवावं की उपटावं?

खिडकीतली_तुळस (डेन्व्हर), 4 जून

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑगस्टमध्ये मागच्या कुंपणाच्या कडेला, जिथे नुसती खडी टाकलेली आहे तिथे, एक राखाडी-हिरवं रोप आलं. पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली. हात लावला तर फलालीनचं झबलं! म्हटलं, थंडीत जाईलच. पण बर्फाखालून एप्रिलमध्ये तसंच्या तसं बाहेर आलं. आता परातीएवढं झालंय आणि या आठवड्यात मधूनच शंकूसारखं काहीतरी वर यायला लागलंय.

सासूबाई साताऱ्याहून आल्यात. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तंबाखू कशाला लावलीस गं?" फोनमधल्या अ‍ॅपने नाव सांगितलं 'कॉमन मलिन'. नाव मलिन आणि झाड इतकं गोजिरं, हे काय गौडबंगाल आहे कोण जाणे. शेजारच्या आजी म्हणतात, पानांचा चहा खोकल्याला उत्तम. लेकीला इथल्या कोरड्या हवेने कायम ढास लागते, म्हणून माझा जीव त्यात अडकलाय. आणि परवा आमच्या एचओएचं (वसाहतीतल्या घरमालकांच्या सोसायटीचं) पत्र आलं: "मागील अंगणातील तण 30 दिवसांत काढावे."

तर ठेवू का? कुंडीत हलवता येईल का? चहा लेकीला चालेल का? पुण्यातला भाऊ बी मागतोय, त्याला पाठवू का?

---

माळरान (फोर्ट कॉलिन्स)

तुळसताई, आधी हातातलं खुरपं खाली ठेवा. हे दोन वर्षांचं झाड. पहिल्या वर्षी नुसती पानांची बैठक, मग थंडी खायची, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मधून दांडा. तुमचा शंकू म्हणजे तोच. महिन्याभरात तुमच्या डोक्याच्या वर जाईल. फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची. एकदम सगळी फुलत नाहीत, रोज थोडी थोडी. सकाळी उघडतात, दुपारनंतर मिटतात, आणि प्रत्येक फुलाचं आयुष्य एक दिवसाचं. कॉफीचा कप घेऊन सकाळी सातला उभ्या राहा. मधमाश्यांची अशी गर्दी असते की कप विसराल.

कुंडीत हलवायचा विचार सोडा. खाली गाजरासारखं सोटमूळ आहे, एवढं मोठं झाल्यावर ते तुटल्याशिवाय निघणार नाही. आणि खत तर अजिबात घालू नका. खडी, ऊन, दुष्काळ हे त्याचं माहेर आहे. मी हौसेने कंपोस्ट घातलेल्या वाफ्यात एक वाढवलं होतं. हिवाळ्यात माती ओली राहिली आणि मार्चपर्यंत गड्डा कुजून पिठल्यासारखा झाला.

आता गैरसोयीचं. कोलोरॅडोच्या उपद्रवी तणांच्या यादीत हे 'सी' गटात आहे. म्हणजे राज्य समूळ काढायची सक्ती करत नाही, पण कौंटी (म्हणजे जिल्हा) किंवा गाव करू शकतं. मूळचं हे युरोप-आशियातलं, इथे वसाहतवाल्यांबरोबर आलेलं. तेव्हा एचओएवाले अगदीच अडाणी नाहीत, हे कबूल करायला हवं.

खरी भानगड बियांची. एका झाडाला लाखाच्या वर बी धरतं, खसखशीहून बारीक. वाऱ्याने लांब उडत नाही, बहुतेक चार-पाच मीटरच्या आत पडतं, म्हणजे सगळं तुमच्याच अंगणात. आणि जमिनीत पडलं की वाट बघत बसतं. वर उजेड मिळाला की उगवतं. म्हणूनच नवं घर बांधताना माती उकरली की पुढच्या वर्षी ही मंडळी हजर.

फुलं बघा, पण खालच्या बोंडांचा हिरवा रंग जायच्या आत दांडा कापा. कापल्यावर बुडातून छोटे दांडे परत फुटतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. कायमचं काढायचं असेल तर जमिनीखाली गड्ड्याच्या खालून कापा, परत येत नाही.

---

बीजांकुर

माळरान म्हणतात ते "वाट बघत बसतं" शब्दशः खरं आहे. 1879 मध्ये मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने 20 बाटल्यांत वाळू आणि तणांचं बी भरून जमिनीत पुरलं. काही वर्षांनी एकेक बाटली काढून पेरतात. 2021 मध्ये एक काढली, रात्रीच्या अंधारात टॉर्च घेऊन, बियांना ऊन लागू नये म्हणून. 142 वर्षांनी जे उगवलं ते याच मलिनचं भावंड, व्हर्बॅस्कम ब्लॅटारिया (मलिनच्या घराण्याचं शास्त्रीय नाव व्हर्बॅस्कम). बाकीच्या बहुतेक जातींनी केव्हाच राम म्हटला होता.

तुळसताई, एक वर्ष आळस केलात तर नातवंडं निस्तरतील.

---

आडवाट

हसलो :) पण ते मलिनच आहे ना? फोटो टाका. अ‍ॅपवर विसंबू नका. पहिल्या वर्षीचं फॉक्सग्लोव्ह नावाचं विषारी फुलझाड पण असंच बसलेलं दिसतं आणि त्याचा चहा थेट हृदयावर जातो.

---

खिडकीतली_तुळस

फोटो टाकलाय. अहो, हे ऐकून घामच फुटला!

---

माळरान

मलिनच आहे. ओळख सांगतो. पानाच्या दोन्ही बाजूंना जाड लोकर, कडेला दाते जवळजवळ नाहीत, आणि आता वर येणाऱ्या दांड्यावर पानाचा बुडखा पंखासारखा खाली ओघळत गेलेला दिसेल. फॉक्सग्लोव्हचं पान त्यामानाने पातळ, कडा दातेरी, शिरांचं जाळं ठळक. शंका असेल तर खायची वस्तू नाही, इतका साधा नियम.

---

देवदार_आणि_मी (सध्या चंडीगड)

मिस्टर फौजेत, त्यामुळे शिमल्याजवळ तीन वर्षं काढली. तिथे रस्त्याच्या कडेला, दगडी बांधांवर हे सर्रास. गावातले लोक 'गीदड तमाकू' म्हणतात, म्हणजे कोल्ह्याची तंबाखू. तेव्हा सासूबाईंचा अंदाज काही फार चुकलेला नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे काम करणारी बाई सांगायची, गुरं याला तोंड लावत नाहीत. का ते एकदा वाळलेलं पान चुरल्यावर मला कळलं. लोकर उडून नाकात गेली आणि अर्धा तास शिंका.

---

काढा_कंपनी

चहाबद्दल मी बोलते, कारण तीन वर्षं करून प्यायलेय.

पानं घ्यायची ती पहिल्या वर्षाच्या बैठकीची, दांडा आल्यावर त्यांचा दम जातो. रस्त्याकडेची कधीच नाही, त्या लोकरीत सगळी धूळ आणि धूर अडकलेला असतो. धुऊन, एकेक पान सुटं, सावलीत, जाळीवर. मधली शीर इतकी जाड असते की वरून पान कुरकुरीत लागतं आणि आत ओल राहते. माझी पहिली बरणी आठ दिवसांत बुरशीने निळी झाली. आता शीर कापूनच काढते. चुरताना तोंडाला फडकं.

कपभर उकळत्या पाण्यात चमचाभर चुरा, दहा मिनिटं झाकण. मग गाळणं हेच खरं काम. चहाच्या गाळण्याने भागत नाही. ते केस घशात गेले तर खोकला जायच्या ऐवजी नवा लागतो. कॉफीचा कागदी फिल्टर घ्या, किंवा जुन्या धोतराचं फडकं चौपदरी. चव? वाळलेल्या गवताचं पाणी. मध घातल्यावर मधाचं पाणी.

गुण येतो का? मला घसा ओला राहिल्यासारखं वाटतं. ते पानाने की गरम पाण्याने, शपथेवर सांगणार नाही. लेकीला मात्र देऊ नका. कायमची ढास म्हणजे आधी डॉक्टर. दमा नाही ना, हे बघून घ्या. बेडरूममध्ये ह्युमिडिफायर (हवेत ओल सोडणारं यंत्र) लावलाय का?

आणि बी कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नका. पूर्वी हेच बी कुटून पाण्यात टाकून मासे गुंगवून पकडायचे.

---

कानसेन

कानदुखीचं कुणीच बोललं नाही? आमच्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या होमिओपॅथीच्या दुकानातून आई 'म्युलिन ऑईल'ची छोटी बाटली आणायची. कान ठणकला की दोन थेंब आणि वर कापूस. ते याच झाडाचं, हे आज कळलं! घरी फुलांचं करता येईल का?

---

काढा_कंपनी

कानसेन, येतं. फुलं रोज सकाळी वेचायची, एक दिवस सुकवायची (ओली टाकली तर तेल खवट होतं), ऑलिव्ह तेलात दोन-तीन आठवडे. पण पडदा फाटलेला असेल, कान वाहत असेल, तर कानात काहीही घालायचं नाही. हे घरबसल्या आपल्याला दिसत नाही, म्हणून मी तेल करते आणि टाचांना लावते.

---

आडवाट

कानावर इस्रायलमध्ये मुलांवर अभ्यास झालेत. 2003 च्या अभ्यासात वनस्पतींच्या थेंबांनी दुखणं कमी झालं खरं. पण त्या थेंबांत मलिनबरोबर लसूण, कॅलेंडुला आणि आणखीही काही होतं. आणि दुखणं बरंचसं नुसता वेळ गेल्यामुळेच कमी झालं, असं त्यांनीच लिहिलंय. म्हणजे श्रेय कापसाला द्यायलाही हरकत नाही.

---

पावसाळी_पाहुणी (रेडिंग, यूके)

आमच्याकडे याला कुणी तण म्हणत नाही, नर्सरीत पैसे देऊन आणतात. पण जूनमध्ये मलिन मॉथच्या अळ्या येतात. पांढुरक्या अंगावर पिवळे-काळे ठिपके, दिसायला दागिना. दोन दिवसांत पानांची चाळण. मी आधी हाताने वेचायचे, आता सोडून देते. झाड सावरतं. आणखी एक गंमत: वूल कार्डर नावाची एक मधमाशी पानावरची लोकर खरवडून गोळा करते आणि घरट्याला अस्तर लावते. एकदा दिसली तर झाड उपटायची हिंमत होणार नाही.

बी नको असेल तर व्हर्बॅस्कमच्या संकरित जाती बघा, बऱ्याचशा वांझ असतात. जर्दाळू रंगाच्या फार गोड दिसतात.

---

कोथरूडकर

भावाच्या वतीने विचारतो (मी भाऊ नाही!). पुण्यात येईल का?

---

देवदार_आणि_मी

रोप येईल कदाचित, पण दांडा येण्यासाठी त्याला कडक थंडीचा मुक्काम लागतो, आणि पुण्याच्या पावसाळ्यात लोकरीची पानं सडणार. शिवाय बी पोस्टाने पाठवायचं तर आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. पाकिटातून गुपचूप पाठवू नका, तणाचं बी तर नाहीच नाही. भावाला खोकल्यासाठी हवं असेल तर कुंपणाला अडुळसा लाव म्हणावं. आणि फुलंच बघायची असतील तर याच कुळातलं व्हर्बॅस्कम चायनेन्स आपल्याकडे बांधावर, आटलेल्या तळ्याच्या कडेला आपोआप येतं. पिवळी फुलं, मधल्या केसरांवर जांभळे केस. लोकर नाही, पण आपलं आहे.

---

खिडकीतली_तुळस, 19 ऑगस्ट

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय.

झाड ठेवलं. भोवती दगडांचं आळं केलं, शेजारी लॅव्हेंडर लावलं, आणि एचओएला फोटोसकट मेल केली की हा लावलेला वाफा आहे, बी धरायच्या आत कापीन. "सप्टेंबरपर्यंत" असं उत्तर आलं. दांडा नवऱ्याच्या डोक्यावर हातभर गेला. वूल कार्डर दिसली! दात घासल्यासारखी मान हलवत लोकर काढते.

लेकीला डॉक्टरांकडे नेलं. दमा नाही, हवा कोरडी. ह्युमिडिफायर आणलाय, रात्रीची ढास थांबली. चहा मी प्यायला, आडवाट म्हणतात तसा श्रेयाचा प्रश्नच आला नाही, कारण मला खोकलाच नव्हता.

काल दांडा कापला. पिशवीत भरून टाकणार तोच सासूबाईंनी वरचा बोंडांचा भाग तेवढा टाकू दिला आणि खालचा काठीसारखा दांडा गॅरेजमध्ये वाळत घातला. शेजारच्या आजींनी त्यांना सांगितलंय (कुठल्या भाषेत, देव जाणे) की पूर्वी हे दांडे चरबीत बुडवून पेटवायचे. "दिवाळीला मेणात बुडवून टेंभा करू," म्हणतात.

---

माळरान

टेंभा एचओएसमोर मिरवायच्या आधी कौंटीचं फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) आहे का ते बघून घ्या. आणि बुडाशी बघा, तीन नवे दांडे फुटले असतील.

---

खिडकीतली_तुळस

चार.