‘फेज’ला मराठीत काय लिहू?

अंबडभट्टी: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत उष्णोपचाराच्या (पोलाद तापवून-निववून त्याचे गुण बदलण्याच्या) भट्टीवर काम करणाऱ्या मुलांसाठी लोखंड-कार्बनच्या आलेखाची, म्हणजे किती कार्बन आणि किती तापमान असताना पोलादाचं आतलं रूप कोणतं असतं ते दाखवणाऱ्या आलेखाची, माहिती मराठीत लिहितोय. ‘७२७ अंशांवर तीन फेज समतोलात असतात’ असं लिहिलं. वाचून एकजण म्हणाला, “साहेब, भट्टीला थ्री फेज लागतंच की.” त्याला विजेचा फेज वाटला. कोशात ‘प्रावस्था’ आहे, पण इथे तो कुणी ऐकलेला नाही. नुसतं ‘अवस्था’ लिहू का?

गोदाकाठची: ‘अवस्था’ नको. घन, द्रव, वायू या अवस्था झाल्या. तुमचे ते तीन फेज, पोलादातले ऑस्टेनाइट, फेराइट, सिमेंटाइट, तिन्ही घनच. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत आणि कार्बन किती मावतो त्यात. ऑस्टेनाइटमध्ये ११४७ अंशांना साधारण २.१ टक्के विरघळतो, फेराइटमध्ये ७२७ अंशांनाही जेमतेम ०.०२. एवढा फरक दाखवायला ‘प्रावस्था’च हवा.

सातपूरकर: अठ्ठावीस वर्षं भट्टीवर काढली, हा शब्द कुणाच्या तोंडी ऐकला नाही. फेजच ठेवा. ‘पोलाद’ तरी फारसीतूनच आलं ना? आज कुणाला परकं वाटतं?

गोदाकाठची: ते वापरून वापरून रुळलं. प्रावस्था कुणी लिहिलाच नाही, तर तो रुळणार कधी?

निवृत्त मास्तर: मला ‘समतोल’ जास्त खटकतो. त्यानं तराजू डोळ्यांपुढे येतो. ‘अगदी सावकाश तापवलं-निववलं तर’ असं लिहा. मुलं लाल पोलाद पाण्यात बुडवतात तेव्हा मार्टेन्साइट हे कडक पण ठिसूळ रूप होतं, ते त्या आलेखात नाहीच, कारण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. हे सांगितलं नाही, तर मुलं ते आलेखात शोधत बसतील.

विळाकोयता: आमचे आजोबा निफाडकडे लोहारकाम करायचे. बुडवण्याला ते ‘पाणी देणं’ म्हणायचे. पात्याचा रंग बघून ठरवायचे. ‘पाणीदार माणूस’ हा शब्द तिथूनच आलाय, माझी खात्री आहे.

गोदाकाठची: तो मोत्याच्या पाण्यावरून आला असेल. पर्लाइटचं नावही मोत्यावरूनच आहे. फेराइट आणि सिमेंटाइटचे एकाआड एक पापुद्रे, त्यांवर उजेड पडला की शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक दिसते. ती शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली टिपली. सुमारे ०.८ टक्के कार्बनचं पोलाद सावकाश निवलं, की सगळं पर्लाइटच.

विळाकोयता: मोती किती जणांनी पाहिले असतील? विळा घरोघरी होता.

निवृत्त मास्तर: फारसी ‘आब’ बघा. पाणी, तेज आणि पात्याचं पाणी, तिन्ही अर्थ त्यात आहेत. ‘आब राखणे’ त्यातूनच आलं, आणि ‘अब्रू’ म्हणजे मुळात चेहऱ्याचं पाणी.

सातपूरकर: मग पाणी दिल्यावर आम्ही पुन्हा दोनशे अंशांना तापवतो, ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून, त्याला आजोबा काय म्हणायचे?

विळाकोयता: आईला विचारून सांगतो.

अंबडभट्टी: पानं सोमवारी छापायला जातात. ‘समतोल’ काढला. ‘लोखंडाचे फेज’ लिहू?

सातपूरकर: लिहा.

गोदाकाठची: मला नाही पटत. निदान एकदा ‘प्रावस्था’ छापा.