मदत हवी आहे: उपग्रहाची समुद्रपातळी आणि ऐरोलीचा सेन्सर जुळत नाहीत

खाडीकाठ: ऐरोलीच्या जेटीवर प्रेशर सेन्सर (पाण्याच्या दाबावरून पातळी मोजणारा) लावलाय. सेंटिनेल-३ या रडारने समुद्राची उंची मोजणाऱ्या उपग्रहाच्या पातळीशी ताडून पाहतोय, फरक कधी दोन मीटर, कधी उणे दीड. शुक्रवारी रिपोर्ट द्यायचाय. कोणता रीट्रॅकर (परतलेल्या रडार सिग्नलवरून पातळी काढायची पद्धत) वापरू?

तरंग_ठाणे: रीट्रॅकर राहू द्या. सेन्सरची वेळ कुठली? उपग्रहाची यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपण साडेपाच तास पुढे. भरती ते ओहोटी सव्वासहा तास, म्हणजे भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटीच वाचाल. आणि आकडा कुठला घेतलाय?

खाडीकाठ: सेन्सर आयएसटी (भारतीय वेळ). आकडा एसएलए, म्हणजे सरासरी समुद्रपातळीपासूनचा फरक. उपग्रहाचा ट्रॅक खाडीवरून जात नाही, बाहेरच्या समुद्रातला जवळचा पॉइंट घेतला.

तरंग_ठाणे: मग झालंच! एसएलएमधून भरती आधीच वजा असते, सेन्सरमध्ये ती सगळी आहे. सेन्सरमधून यूटाइड या भरती-विश्लेषणाच्या प्रोग्रामने भरती काढा. किमान महिनाभराचा तासागणिक डेटा लागेल. एसएलएत हवेच्या दाबाची दुरुस्तीही असते, ती परत मिसळा. १ हेक्टोपास्कलला साधारण १ सेंमी.

वेव्हफॉर्म: पॉइंट किनाऱ्यापासून किती आत? १० किमीच्या आत असेल तर १ हर्ट्झचा (सेकंदाला एक) डेटा टाकून द्या, त्यात सुमारे ७ किमीची सरासरी असते. २० हर्ट्झ घ्या आणि वेव्हफॉर्म (परतलेल्या रडार सिग्नलचा आलेख) डोळ्यांनी बघा. ओहोटीला चिखल उघडा पडला की शेपटीत दुसरं टोकदार शिखर येतं, साधा रीट्रॅकर तेच धरून बसतो. सबवेव्हफॉर्मवाला, म्हणजे आलेखाचा एक भागच धरणारा, वापरा.

दमट_हवा: त्याने बाष्पाचा दोष जात नाही. उपग्रहावरच्या रेडिओमीटरच्या (बाष्प मोजणाऱ्या उपकरणाच्या) ठशात, म्हणजे तो पाहतो त्या भागात, जमीन आली की ओली (बाष्पाची) दुरुस्ती बिघडते, तिथे हवामान मॉडेलची घ्या.

वेव्हफॉर्म: ती चूक सेंटीमीटरांची. इथे मीटरांचा घोळ आहे.

दमट_हवा: सेंटीमीटरच मोजायचे असतात ना शेवटी?

बॉयवाला: लाटांसाठी बॉयपासून (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या बोयापासून) ५० किमी आणि अर्ध्या तासाच्या आतले पॉइंट जुळवा. किनाऱ्याजवळ उपग्रहाला लाटांची उंची जास्त दिसते.

तरंग_ठाणे: लाटा कोणी विचारल्या? ऐरोलीला खाडीत लाट ती केवढी!

खाडीकाठ: सेन्सरला व्हेंट ट्यूब (बाहेरच्या हवेशी जोडणारी नळी) नाही, चालेल?

तरंग_ठाणे: हे आधी सांगायचं ना! मग त्यात हवेचा दाबही मोजला जातोय. बॅरोमीटरचा आकडा वजा करा, आणि मग वरची दाबाची दुरुस्ती. पाण्याची घनता १०२५ (किलो प्रति घनमीटर, समुद्राची) धरलीत आणि पावसाळ्यात खाडी गोडी झाली, तर ४ मीटर पाण्यात १० सेंमीपर्यंत चूक. शिवाय खाडीत भरती उशिरा पोचते. बाहेरच्या पॉइंटला अपोलो बंदरचा भरती मोजणारा गेज जास्त बरोबरीचा.

बॉयवाला: तिथे लाटांचं काय करणार?