मदत हवी आहे: काळ-काम पोराला कसं समजावू?

पोरगा सातवीत. अ एक काम 12 दिवसांत करतो, ब 6 दिवसांत. दोघं मिळून किती? हा सरासरी काढून 9 म्हणतो! अरे बाप्पा, एकटा ब 6 दिवसांत करून राहिला ना! एका दिवसाचं काम 1/12 + 1/6 = 1/4, म्हणून 4 दिवस, असं सांगितलं तर म्हणे, ‘उलटं काहून केलं?’

शेवटी नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांच्या 12 पेट्या भरायच्या असं धरलं. अ रोज 1, ब रोज 2, मिळून 3. लगेच 4 आलं. पण 2 दिवसांनी ब निघून गेला की गाडी अडते. उरलेल्या 6 पेट्या एकट्या अ ला 6 दिवस, एकूण 8, हे त्याला दिसतच नाही.

परीक्षेत तर पायऱ्या अपूर्णांकात लिहाव्या लागतात. पेट्यांवरून अपूर्णांकावर तुम्ही कसं आणता?