पहिल्यांदाच शिबिरताई होतेय. रात्री मुली रडल्या तर काय करायचं?

नवशिकी

नमस्कार मंडळी. वय १९, कॉलेजचं दुसरं वर्ष नुकतंच संपलं. पुढच्या आठवड्यात एका निवासी उन्हाळी शिबिरात ताई म्हणून जाते आहे. १२ दिवस, माझ्या खोलीत ८-९ वर्षांच्या १० मुली. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. खेळ शिकवले, दोरीच्या गाठी शिकवल्या, आग लागली तर कुठल्या दारानं बाहेर पडायचं ते दाखवलं. गाणी तर इतकी झाली की मी ती झोपेतही म्हणते, असं आई सांगते.

दिवसाची धास्ती नाही. वेळापत्रक छापून हातात दिलंय. पण त्यातली शेवटची ओळ आहे '९:०० दिवे बंद' आणि पुढच्या पानावर एकदम '६:३० उठणे'. मधले साडेनऊ तास कोरे. प्रशिक्षणात विचारलं तर म्हणाले, 'अगं, दमून झोपतात.' मी स्वतः नऊ वर्षांची असताना अशाच शिबिराला गेले होते आणि पहिल्या तीन रात्री धड झोपले नव्हते. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून रडायचे. आमच्या ताईला कळलंही नाही. किंवा कळलं असेल, पण काय करावं ते सुचलं नसेल. ती तेव्हा माझ्याएवढीच असणार, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

तर एखादी रडायला लागली आणि 'आईला फोन लाव' म्हणाली (मुलांना फोन करू देत नाहीत) तर तिला काय सांगायचं? जवळ घेतलं तर चालतं का? आणि एकीचं बघून दहाही जणी सुरू झाल्या तर?

खडूस दादा

चार उन्हाळे केलेत. दहाही जणी कधी रडत नाहीत. तीन रडतात आणि उरलेल्या सात त्यांना बघायला उठतात. त्या सात जणींना परत झोपवणं हेच खरं काम.

बाकी माझा सल्ला चादरींचा. दोन जादा चादरी स्वतःच्या पिशवीत ठेव, ऑफिसच्या कपाटात नको, कारण रात्री त्या कपाटाची किल्ली कुणाकडेच नसते. सात वर्षांच्या मुलांत शंभरात ५ ते १० जणांचं अंथरूण अधूनमधून ओलं होतं. तुझ्या मुली थोड्या मोठ्या आहेत, तरी एखादी असणार असं धरूनच चाल. दिवे बंद होण्याआधी सगळ्यांची बाथरूमची फेरी, 'मला नाही आली' हे ऐकून घ्यायचं नाही. सकाळी सगळ्या दात घासायला गेल्या की चादर बदलायची. मी तर रोज सगळ्यांचीच अंथरुणं उन्हात टाकायला लावायचो. मग ओलं कुणाचं, हे कुणाला कळत नाही. शिबिरप्रमुखांना वाटायचं मी स्वच्छतेचा फार भोक्ता आहे.

कंदीलवाली

नवशिकी, तुझा प्रश्न वाचून मला माझं दुसरं वर्ष आठवलं. एकूण आठ उन्हाळे ताई होते, आता नव्या ताया-दादांना शिकवते. थोडं लांबण लावणार आहे.

दुसऱ्या वर्षी माझ्या गटात आठ वर्षांची एक मुलगी होती. पहिल्या रात्री हमसून हमसून रडली. मी घाबरले आणि तोंडाला आलं ते बोलून बसले: 'तीन दिवस राहून बघ. नाही आवडलं तर मी स्वतः आईला फोन करीन.' ती लगेच गप्प झाली. मला वाटलं, काय छान जमलं! पुढचे दोन दिवस ती खेळली, चित्रं काढली, रात्री मुकाट झोपली. तिसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर ही बूट घालून, बॅग भरून खाटेवर बसलेली. म्हणाली, 'ताई, आज तिसरा दिवस.'

फोन करायचा अधिकार मला नव्हताच. मी प्रमुखांकडे गेले. त्यांनी मला दोन शब्द सुनावले आणि फोनला नाही म्हणाले. मी तिला जाऊन सांगितलं. ती रडली नाही. बूट काढून ठेवले. त्यानंतर शिबिर संपेपर्यंत मी काहीही सांगितलं की ती फक्त 'हो, ताई' म्हणायची. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. ते 'हो, ताई' मला अजून ऐकू येतं.

बरेच पालकही निघताना हाच सौदा करतात: 'नाही आवडलं तर लगेच न्यायला येऊ.' क्रिस थर्बर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शिबिरातल्या मुलांच्या घरच्या ओढीवर बरीच वर्षं काम करताहेत. २००७ साली त्यांनी एका सहलेखकाबरोबर बालरोगतज्ज्ञांसाठी या विषयावर लेख लिहिला. असा सौदा करू नका, हे त्यातलं पालकांना एक स्पष्ट सांगणं आहे. कारण सोपं आहे. मूल शिबिरात मन रमवायचं सोडून दिवस मोजत बसतं, आणि 'तुला हे झेपणार नाही असं आम्हालाही वाटतंय' हेही त्याला न सांगता कळतं. मला हे शहाणपण त्या बुटांनी शिकवलं, लेख फार नंतर वाचला.

म्हणून तुझ्या हातातलं असेल तेवढंच कबूल कर. मी काय म्हणते सांगू? 'आत्ता मी इथे दहा मिनिटं बसते. मग माझ्या खाटेवर जाते, ती दाराजवळ आहे, इथून दिसते. झोप नाही लागली तर हाक मार, मी उठेन.' आणि खरंच दहा मिनिटं बसायचं. सात मिनिटांत झोपली असं वाटलं तरी दहा. मुलं डोळे मिटून तपासत असतात.

फोनबद्दल विचारलं तर सरळ सांग: 'इथे मुलांना फोन करता येत नाही, मलाही लावून देता येणार नाही.' 'बघू', 'उद्या विचारते' असलं काही नको. नाही ऐकून मूल पाच मिनिटं रडेल, पण 'बघू' ऐकलं तर रात्रभर वाट बघेल.

आणि घरचा विषय टाळू नकोस. नव्या ताया हटकून 'चल, आपण मज्जा करू' करतात. मी विचारते, घरी झोपताना काय आवाज येतो? कुणी पंख्याची कुरकुर सांगतं, कुणी भावाच्या लाथा. सांगता सांगता श्वास खाली बसतो. पत्र लिहायचं असेल तर सकाळी लिहायला सांग, रात्री नको. रात्री लिहिलेल्या पत्रात फक्त रात्र असते.

जवळ घेण्याचं: खांद्यावर हात, पाठीवर थोपटणं, तेही तिला हवं असेल तर. तिच्या अंथरुणात बसायचं-झोपायचं नाही, शेजारी स्टूल ओढायचं. एकटीला घेऊन बंद खोलीत कधीही बसायचं नाही. बोलायचंच असेल तर व्हरांड्यात, दिव्याखाली, दुसऱ्या ताईला दिसेल असं. हा नियम तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. मुलाला 'मोठ्यांनी असंच वागायचं असतं' हे त्यातूनच कळतं.

आणखी एक, नऊ वाजताच सगळं होतं असं समजू नकोस. दुपारच्या विश्रांतीचा तास बघ. हात रिकामे झाले की आठवण येते. दोरीवर लटकलेल्या मुलाला आई आठवत नाही.

एक आई

मध्येच बोलते, राग मानू नका. माझा मुलगा गेल्या वर्षी एका शिबिरात पाच दिवस रडत होता. मला ते त्याला आणायला गेले तेव्हा कळलं, तेही त्याच्या खोलीतल्या मुलानं सांगितलं. तुम्ही सगळे 'फोन नाही' हे इतक्या सहज म्हणताय. पालकांनी काय समजायचं?

कंदीलवाली

राग कसला, तुमचं बरोबर आहे. मुलानं फोन करणं वेगळं आणि शिबिरानं पालकांना कळवणं वेगळं. रात्री आईचा आवाज ऐकला की बसत आलेलं रडू पुन्हा उसळतं, हे मी अनेकदा पाहिलंय. म्हणून पहिल्याला माझा विरोध. पण पाच दिवस मूल रडतंय आणि घरी एक शब्द नाही, हा निव्वळ हलगर्जीपणा. त्याला नियमाचं नाव द्यायचं कारण नाही.

नवशिकी, एक वही ठेव. रोज रात्री तीन ओळी: कोण जेवलं नाही, कोण रडलं, किती वेळ. दुसऱ्या दिवशी प्रमुखांना दाखव. दोन दिवस जेवण-झोप उडाली असेल तर 'घरी कळवा' असं तूच तोंडानं म्हण. ऐकलं नाही तर पुन्हा म्हण, आणि कधी म्हटलंस तेही वहीत लिही.

नवशिकी

बाप रे, कुणी एवढं लिहील असं वाटलं नव्हतं. वही आजच घेतली. अजून एक शंका. प्रशिक्षणात एक मुलगी म्हणाली की मुलं रात्री गुपितं सांगतात. 'कुणाला सांगणार नाहीस ना?' असं विचारलं तर?

पट्टीवाली नर्स

शिबिरातल्या दवाखान्यात पाच उन्हाळे काढलेत म्हणून सांगते. 'नाही सांगणार' असं म्हणू नकोस. ऐकायच्या आधीच सांगायचं: 'मी ऐकते. पण तुला किंवा कुणाला इजा होत असेल तर मला मोठ्या ताईंना सांगावं लागेल.' काही मुली तिथेच तोंड मिटतात. मिटू देत, बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी परत येतात. सांगितलंच तर खोदून खोदून विचारायचं नाही, तिच्याच शब्दांत लिहून काढायचं आणि त्याच रात्री वर द्यायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

आता माझं. तुम्ही सगळे रडण्याची काळजी करताय, मी गप्प मुलांची करते. विशेषतः पाण्यात. बुडणारं मूल हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, ओरडायला श्वासच नसतो, आणि २० ते ६० सेकंदांत ते खाली जातं. म्हणून जोड्या लावायच्या, शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा, आणि डोकी मोजायची. काठावर बसून मोबाईल बघणाऱ्या एका दादाला मी पाण्याजवळून उठवलं होतं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, बरंच झालं.

आणि रात्रीचं पोटदुखीचं. नऊला दुखतं आणि सकाळी खेळताना थांबतं, ते बहुतेक घरच्या आठवणीचं. तरी दर वेळी हसण्यावारी नेऊ नकोस. बेंबीपाशी सुरू होऊन दुखणं उजवीकडे खाली सरकलं, चालताना मूल वाकलं, ताप किंवा उलटी असेल तर अपेंडिक्स असू शकतं. मला झोपेतून उठव. त्यासाठीच मी तिथे असते.

खडूस दादा

नर्सताईंना खरंच उठव. मी एकदा भिडेपोटी उठवलं नव्हतं, सकाळी शिव्या खाल्ल्या. मुलाला नुसतं अपचन झालं होतं, तरी.

नवशिकी

आज पाचवा दिवस, दोन तासांची सुट्टी मिळालीय म्हणून लिहिते. चादरी दुसऱ्याच रात्री लागल्या. अंथरुणं उन्हात टाकायची युक्ती चालली, फक्त आता शेजारच्या खोलीतली ताई माझ्यावर चिडलीय, कारण तिच्या मुलींनाही ते करायचंय.

तिसऱ्या रात्री एक मुलगी रडली. फोनचं मी सरळ नाही म्हटलं. अजून थोडं रडली. मग विचारलं, घरी झोपताना काय आवाज येतो? म्हणाली, आजोबा घोरतात. हे ऐकून पलीकडच्या खाटेवरची म्हणाली, 'थांब, मी घोरते,' आणि असली घोरायला लागली की सगळी खोली उठून बसली. साडेदहापर्यंत कुणी झोपलं नाही, मला प्रमुखांकडून बोलणी बसली.

मग दहा मिनिटं बसले, घड्याळ लावून. सांगितलं, हाक मार, मी उठेन. रात्री दोनला तिनं हाक मारली. उठून गेले, काय गं, विचारलं. म्हणाली, 'काही नाही, बघत होते,' आणि कुशीवर वळून झोपली.