मदत हवी आहे: 600 जीबी डेटा क्लाउडवर चढत नाहीये

कंपोझवाला
अर्जंट आहे. 600 जीबी डेटा क्लाउडवर चढवायला लावलाय. रात्रभर मशीन चालू, सकाळी बघतो तर तीन टक्के! कनेक्शन 100 एमबीपीएसचं आहे, त्यामुळे 'नेट स्लो असेल' हे कृपया सांगू नका. दुसरी फास्ट सर्व्हिस सांगा. डिस्क टिकटिक आवाज करतेय आणि दिवाळी अंकाची कामं सुरू झालीत.

खटपट्या
विंडोज की मॅक? डेटा मशीनमध्ये आहे की बाहेरच्या डिस्कवर? आवाज नक्की कोणती करतेय? आणि 100 हा बहुतेक डाउनलोडचा आकडा असणार. स्पीड टेस्ट करून अपलोड किती येतं ते टाका.

नासप्रेमी
क्लाउडबिउड सोडा हो. दोन डिस्कचा नास (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) घ्या, मिररिंग लावा म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच प्रत, विषय संपला. दरमहा भाडं कशाला भरायचं?

कृष्णाकाठ
नासप्रेमी, ऑगस्ट 2019मध्ये सांगलीत असता तर हे लिहिलं नसतंत. आमचा कॉम्प्युटर टेबलावर, बॅकअपची डिस्क त्याच गाळ्यातल्या कपाटात. पाणी ओसरल्यावर डिस्क उचलली तर यूएसबीच्या खाचेत चिखल भरलेला. एक तरी प्रत गावाबाहेर पाहिजे.

नासप्रेमी
मग नास वरच्या मजल्यावर ठेवायचा.

कृष्णाकाठ
वरचा मजला घरमालकाचा आहे. विचारून सांगतो.

कंपोझवाला
भांडणं नंतर करा राव. विंडोज 10. डेटा बाहेरच्या यूएसबी डिस्कवर, तीच आवाज करतेय. अपलोड 5 येतंय. नेटवाल्याने फसवलं का?

पेंग्विन
विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. आधी विंडोजच्या जागी लिनक्स टाका.

खटपट्या
पेंग्विन, आत्ता नको. कंपोझवाला, 5 एमबीपीएसने 600 जीबी म्हणजे अखंड अकरा दिवस. सर्व्हिस कुठलीही घ्या, हिशोब तोच. आणि ते अपलोड आत्ताच्या आत्ता थांबवा! डिस्क शेवटच्या घटका मोजत असताना तिला अकरा दिवस राबवायचं नसतं. आजच नवी डिस्क आणा, आधी कामाच्या फाइली उतरवा, मग बाकीचं. क्लाउडवर नव्या डिस्कवरून चढवा. पण 600 जीबी आहे तरी काय?

मीनल_क
इथेच विचारते. आईच्या फोनवर 'स्टोरेज फुल' येतंय, मेलही येत नाहीत. तिने तर काहीच साठवलेलं नाही.

खटपट्या
अँड्रॉइड असेल तर व्हॉट्सअॅपचा बॅकअप बघा. तो आता गूगलच्या फुकटच्या 15 जीबीत मोजला जातो, आणि मेल, फोटोही त्यातच. बॅकअपमधून व्हिडिओ वगळा.

कंपोझवाला
2003पासूनची पेजमेकरची (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) कामं, ती 40 जीबीही नसतील. बाकी सगळे स्कॅन आणि पीडीएफ.

सुटसुटीत
एवढं कशाला? सगळं गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, झाला बॅकअप. मी तेच करतो.

खटपट्या
तो सिंक झाला, बॅकअप नाही. इथे कुणी डिलीट केलं की तिथूनही जातं. 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतं, नंतर राम म्हणायचं.

सुटसुटीत
माझं कधी गेलं नाही.

कृष्णाकाठ
पेजमेकर म्हटल्यावर श्रीलिपीचे जुने मराठी फॉन्ट असणार. ते कुठे आहेत? विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये ना? बॅकब्लेझसारखी क्लाउड बॅकअपची सर्व्हिस विंडोजचं फोल्डर उचलतच नाही. उद्या नव्या मशीनवर फाइल परत येईल, पण उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोड नाहीयेत ते, तोच फॉन्ट नसेल तर मराठी दिसत नाही. फॉन्टची झिप करून कामाच्याच फोल्डरमध्ये टाका. आणि महत्त्वाच्या अंकांच्या पीडीएफ, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे पीडीएफच्या आतच बसवून.

खटपट्या
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग पेजमेकर आणि फॉन्ट आधी चढवा, 18 तासांचं काम आहे. स्कॅन रोज रात्री थोडे थोडे.

कंपोझवाला
नवी डिस्क आणली. पेजमेकरचं फोल्डर उतरलं, स्कॅन चालू आहेत. मध्येच एक फोल्डर 'रीड एरर' देतोय, तो सोडून पुढे गेलोय. फॉन्टमध्ये एकाच घराण्याचे चार-चार दिसतायत, कुठले घेऊ?

कृष्णाकाठ
सगळे घ्या. निवडत बसू नका, सगळे मिळून काही एमबी होतील.

खटपट्या
अडलेल्या फोल्डरवर परत परत कॉपी मारू नका. बाकी सगळं उतरलं की शेवटी एकदा बघा. त्यात फार मोलाचं काही असेल तर डिस्क बंद करून रिकव्हरीवाल्याकडे द्या.

नासप्रेमी
नासच्या किमती हव्या असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा.